बेचाळीस हजार पौंडांची चेष्टा

लंडनजवळच्या स्लाउहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय छत्तीस, नवरा-बायको दोघंही आयटीत, अजून भाड्याच्या घरात. थोडक्यात मजकूर असा: बँक्सी या नाव लपवून काम करणाऱ्या ब्रिटिश भित्तिचित्रकाराची ‘मोरॉन्स’ ही सही असलेली, क्रमांक घातलेली मर्यादित आवृत्तीतली प्रिंट एका ओळखीच्या विक्रेत्याकडे आहे. तो ४२,००० पौंड मागतोय. ‘अशीच एक लिलावात ५०,०००ला गेली, तुम्हाला घेतल्या दिवशीच आठ हजारांचा फायदा,’ असं त्याचं म्हणणं. शुक्रवारपर्यंत होकार हवाय. शिल्लक ६१,०००. पुढच्या वर्षी ३,४०,०००चं घर घ्यायचंय, त्याला पाच टक्के डिपॉझिटवर कर्ज मिळेल म्हणजे १७,०००, पहिलं घर म्हणून स्टँप ड्यूटी फक्त २,०००. म्हणजे प्रिंट घेऊनही बरोबर १९,००० उरतात आणि बरोबर तेवढेच लागतात. पाच वर्षांनी प्रिंट विकून कर्जाचा मोठा हप्ता फेडायचा. ‘बायको म्हणते वेड लागलंय, तुम्ही सांगा.’ आणि शेवटी, जाता जाता: ‘कोथरूडच्या फ्लॅटवर बाबांबरोबर माझंही नाव आहे, कर्ज फिटलंय, सव्वा कोटी रुपयांचा आहे, तेव्हा भारताकडची काळजी नाही.’

नमस्कार.

आधी चित्राबद्दल बोलू, तुमचा जीव तिथेच अडकलाय. मलाही ते आवडतं. लिलावाचं भरगच्च सभागृह, डायसवर लिलाव पुकारणारा, आणि शेजारच्या नक्षीदार चौकटीत चित्राऐवजी नुसते शब्द: मूर्खांनो, हा कचरा तुम्ही खरोखर विकत घेता यावर माझा विश्वास बसत नाही. (मूळ शब्द कचऱ्यापेक्षा बराच सडेतोड आहे.) मूळ प्रसंग १९८७चा. लंडनच्या ख्रिस्टीज या लिलावगृहात व्हॅन गॉगची ‘सूर्यफुलं’ २ कोटी ४७ लाख ५० हजार पौंडांना गेली, तो दिवस. घेणारी होती जपानची एक विमा कंपनी, यासुदा. विमा कंपनीचा ताळेबंद आणि भाड्याच्या घरातल्या जोडप्याचा ताळेबंद यात फरक असतो, एवढं इथेच नोंदवून पुढे जातो.

बँक्सीच्या बाबतीत गंमत अशी की चेष्टा जितकी जहरी, तितका भाव चढा. २०१८ मध्ये सदबीज या लिलावगृहात हातोडा पडल्या पडल्या त्याचं फुगेवालीचं चित्र चौकटीत लपवलेल्या यंत्राने अर्धं कातरलं. दहा लाख चाळीस हजार पौंडांच्या आसपास गेलेलं ते चित्र तीन वर्षांनी, कातरलेल्या अवस्थेत, १ कोटी ८५ लाख पौंडांच्या वर विकलं गेलं. २०२१ मध्ये काही क्रिप्टोवाल्यांनी ‘मोरॉन्स’चीच एक प्रत सुमारे ९५,००० डॉलरला घेऊन कॅमेऱ्यासमोर जाळली आणि तिचा डिजिटल टोकन त्याच्या चौपट किमतीला विकला. असे किस्से ऐकले की वाटतं, इथे तोटा होऊच शकत नाही. पण २०२०-२१ हीच त्याच्या प्रिंट्सच्या तेजीची वर्षं होती. त्यानंतर भाव चांगलेच खाली आले आणि तेजीत घेतलेले बरेच लोक आज गप्प बसून आहेत. त्यांचे किस्से कोणी सांगत नाही.

आता तुमच्या विक्रेत्याचे ते ५०,०००. लिलावाचे जे आकडे जाहीर होतात त्यात सहसा बायर्स प्रीमियम धरलेला असतो, म्हणजे घेणाऱ्याने लिलावगृहाला वरून दिलेली रक्कम. तो २६ टक्के धरा. मग ५०,०००च्या मागे हातोडा पडला असेल, म्हणजे बोली थांबली असेल, ३९,७००च्या आसपास. त्यातून विकणाऱ्याकडचं कमिशन १० टक्के काढा. हातात आले ३५,७००. म्हणजे ज्या व्यवहाराचा दाखला देऊन तुम्हाला आठ हजारांचा फायदा दाखवला, त्याच व्यवहारात तुम्ही विकणारे असता तर सहा हजारांहून जास्त खड्ड्यात गेला असता.

हेच उलटं करून बघा. तुमचे ४२,००० जसेच्या तसे परत यायला हातोडा ४६,६६७वर पडायला हवा आणि जाहीर आकडा ५८,८०० यायला हवा. म्हणजे ४० टक्के वाढ झाली तर मुद्दल सुटलं, नफा शून्य. पाच वर्षं तेच पैसे बँकेत चार टक्क्यांनी ठेवले असते तर ५१,१०० झाले असते. तिथे पोचायला प्रिंटचा जाहीर आकडा ७१,५००च्या पुढे लागतो. खासगी विक्रीत कमिशन थोडं कमी होईल, पण मग गिऱ्हाईक तुम्हालाच शोधावं लागेल, आणि पाच वर्षांनी तुम्हाला ज्या महिन्यात पैसे हवे असतील त्याच महिन्यात ते सापडेल असं नाही. दरम्यान विमा तुमचाच. घरातल्या सामानाच्या साध्या विम्यात (कंटेंट्स पॉलिसी) एका वस्तूमागे मर्यादा असते, त्यावरची वस्तू वेगळी नोंदवून जास्त हप्ता भरावा लागतो. फायदा झालाच तर ६,०००च्या वर विकलेल्या अशा वस्तूवर भांडवली नफ्याचा कर आहे: वर्षाची ३,०००ची सूट सोडून १८ किंवा २४ टक्के. भारतात परत गेलात आणि तिथे विकलीत, तरी ‘घरातली वस्तू’ म्हणून सुटका नाही. प्राप्तिकराच्या दृष्टीने कपाट, टीव्ही वैयक्तिक सामान. चित्रं आणि कलावस्तू त्यातून मुद्दाम वगळल्या आहेत.

तुम्ही पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. खाली उजवीकडे पेन्सिलची सही दिसते, आकडाही दिसतो, पण चारही कडा माउंटच्या पुठ्ठ्याखाली दडल्यात. कडा न दाखवणाऱ्या प्रिंटचे पैसे देऊ नयेत. तिथेच तर सगळं असतं: कापून लहान केलेला समास, टाचणीची भोकं, ओल लागल्याचे तपकिरी ठिपके, जुन्या चिकटपट्टीचे डाग. कागद मागच्या पुठ्ठ्याला गोंदाने चिकटवून टाकलेला असेल तर भाव तिथेच घसरतो. फ्रेमबाहेर काढून पुढचे-मागचे फोटो मागा, एक फोटो बाजूने उजेड टाकून.

आणि सही. बिनसहीच्या प्रती सहीवाल्यांपेक्षा कितीतरी स्वस्त असतात. त्यामुळे बनवेगिरी करणाऱ्याला अख्खी प्रिंट छापायची गरजच नाही; खऱ्या बिनसहीच्या प्रतीवर पेन्सिल चालवली की झालं. म्हणून कागदपत्र महत्त्वाचं. बँक्सीच्या कामाला खरेपणाचा दाखला एकच संस्था देते, पेस्ट कंट्रोल, २००८ मध्ये त्याच्या बाजूनेच सुरू झालेली. त्या दाखल्याला डायनाचा चेहरा छापलेल्या दहा पौंडांच्या खोट्या नोटेचा फाडलेला अर्धा तुकडा जोडलेला असतो, त्यावर हाताने लिहिलेला आकडा. दुसरा अर्धा संस्थेकडे. दोन तुकडे जुळले तर माल खरा. (आमच्या लहानपणी हवालावाल्यांच्या गोष्टीत फाटकी नोट असायची, तीच युक्ती.) तुमच्या विक्रेत्याने जोडलंय ते त्याच्या स्वतःच्या गॅलरीचं सर्टिफिकेट. त्याची किंमत रंगीत कागदाएवढी. ‘पेस्ट कंट्रोलचा दाखला नंतर मिळवून देतो’ या वाक्यातला ‘नंतर’ तुमच्या ४२,०००नंतरचा आहे.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, ठीक आहे, दाखला असलेली दुसरी प्रत शोधतो, भावही घासाघीस करून उतरवतो. खरं सांगायचं तर इथवरचं सगळं लिहायच्या आधीच माझं उत्तर ठरलं होतं, तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीवर.

कोथरूडचा फ्लॅट. इंग्लंडमध्ये ‘पहिलं घर’ म्हणजे इंग्लंडमधलं पहिलं नव्हे. जगात कुठेही, कधीही घरात मालकी नसलेला माणूस. वडिलांबरोबर नाव असलं तरी हिस्सा तो हिस्साच. आणि नवरा-बायको मिळून घेत असाल तर दोघांनीही या अटीत बसायला हवं. म्हणजे २,०००वर भागवणारी तुमची सवलत गेली. ३,४०,०००वर नेहमीच्या दराने स्टँप ड्यूटी होते ७,०००. पण तिथेही थांबत नाही. दुसरं घर असणाऱ्याला ५ टक्के जादा भरावे लागतात आणि परदेशातलं घरही मोजतात, तुमचा हिस्सा ४०,००० पौंड किंवा अधिक असेल तर. सव्वा कोटीचा निम्मा हिस्सा ५०,०००च्या आसपास जातो. म्हणजे आणखी १७,०००. एकूण २४,०००, दोन नव्हे.

आता तुमचं ते काटेकोर गणित. पाच टक्के डिपॉझिटचे १७,००० आणि हे २४,००० मिळून ४१,०००, सॉलिसिटर आणि सर्व्हे वेगळे. प्रिंट घेतल्यावर तुमच्याकडे असणार १९,०००. बावीस हजारांचा खड्डा, आणि तो कळणार व्यवहार पूर्ण व्हायच्या आठवड्यात, भिंतीवरचा लिलाववाला तुमच्याकडे बघत असताना. मी तर म्हणेन डिपॉझिट दहा टक्के ठेवा, व्याजाचा दर बरा मिळतो. मग ३४,००० अधिक २४,०००, ६१,०००तून उरतात तीन. तुमच्याकडे प्रिंटसाठी पैसे नाहीतच. तुम्हाला वाटत होतं की आहेत, एवढंच. बायकोचं बरोबर आहे, तिला माझा नमस्कार सांगा.

फ्लॅटवरचं नाव नुसतं सोयीसाठी घातलंय, एक रुपयाही तुम्ही दिलेला नाही, असं असेल तर चित्र वेगळं होऊ शकतं. ते मालमत्तेच्या कायद्यातलं सॉलिसिटर बघेल. ‘मग हिस्सा बाबांना बक्षीसपत्राने देऊन टाकतो’ असं घाईने करू नका. जादा पाच टक्के वाचतील, पण एकदा मालक झालात म्हणजे पहिल्या घराची सवलत कायमची गेली, ती परत येत नाही. शिवाय ब्रिटनचे रहिवासी असताना वडिलांना दिलेला हिस्सा बाजारभावाने विकल्यासारखा धरून तिथे भांडवली नफ्याचा कर लागू शकतो.

हौसेला मोल नसतं म्हणतात. तुमची हौस खोटी नाही, आणि घर झालं, सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडला, की त्यानंतर पूर्ण बुडाली तरी झोप उडणार नाही एवढ्या रकमेत चित्रं जरूर घ्या. लंडनच्या आर्ट कॉलेजांत उन्हाळ्यात पदवीच्या विद्यार्थ्यांची प्रदर्शनं लागतात, तिथे सही केलेल्या, क्रमांक घातलेल्या स्क्रीनप्रिंट काही शे पौंडांत मिळतात, त्यातही सरकारला, घरमालकाला, आयटीवाल्यांना चिमटे काढणाऱ्या असतात. विकायचा विचार न करता घ्यायच्या.

शुक्रवारी विक्रेत्याला नाही म्हणून कळवा, कारण द्यायची गरज नाही. त्याआधी बाबांना फोन करून फ्लॅटच्या इंडेक्स टूची (नोंदणी कार्यालयातल्या खरेदीच्या उताऱ्याची) प्रत आणि पैसे कोणाच्या खात्यातून गेले ते बँकेचे उतारे मागवून घ्या. सॉलिसिटर पहिल्या भेटीत तेच विचारणार आहे.