गालावरच्या वांगावर लिंबू चोळल्याने डाग जातात का?

नाही, उलट गडद होतात. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की त्यातल्या फ्युरोकुमारिन या रसायनामुळे भाजल्यासारखे नवे काळे चट्टे उठतात. वांगावर सगळ्यात जास्त काम सनस्क्रीन करतं: एसपीएफ ३० किंवा जास्त, शक्यतो आयर्न ऑक्साइड असलेलं टिंटेड (त्वचेसारखी रंगछटा असलेलं), कारण दिसणाऱ्या प्रकाशानेही वांग वाढतो आणि साधं सनस्क्रीन हा प्रकाश फारसा अडवत नाही. चेहरा-मानेसाठी दोन बोटांवर लांब रेघ ओढून घ्या (वाटाण्याएवढ्या ठिपक्याने काही होत नाही), बाहेर असाल तर दर २ तासांनी पुन्हा लावा. रात्री डाग फिके करणारं १० टक्के अझेलाइक अ‍ॅसिडचं क्रीम लावा, सुरुवातीला एक दिवसाआड. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. मेडिकलवाल्याने हातात ठेवलेली 'गोरं करणारी' क्रीम नको, त्यात अनेकदा स्टेरॉइड असतं. मात्र एखादाच डाग वाढत असेल, कडा वेड्यावाकड्या असतील किंवा रक्त येत असेल, तर तो वांग समजू नका, आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.