‘समता’, ‘समानता’ की ‘बरोबरी’? वादविवादाच्या एका विषयाची शब्दयोजना

प्रश्न असा आहे. परभणीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात वादविवाद स्पर्धेसाठी विषय ठरलाय : ‘आधुनिक स्त्रीवाद विकसित देशांत लिंग समानता साधतो का?’ विचारणाऱ्या सरांच्या दोन शंका आहेत. ‘समानता’ म्हणावं की ‘समता’? आणि ‘लिंग’ म्हटलं की मागच्या बाकांवर खसखस पिकते, त्याला पर्याय काय?

दुसरी शंका आधी मिटवू. सरळ ‘स्त्री-पुरुष समानता’ लिहा. ‘लिंग’ मराठीत शरीराचं, व्याकरणाचं आणि महादेवाचं. बाई किंवा पुरुष म्हणून समाज आपल्याला जसा घडवतो, त्यासाठी अभ्यासकांनी ‘लिंगभाव’ हा शब्द रुळवला. निबंधात तो शोभतो, अकरावीच्या मुलाच्या भाषणात मात्र जिभेला जड जातो. ‘स्त्री-पुरुष’ म्हटल्यावर तृतीयपंथी वगळले जातात, ही खोट खरीच. पण पगार, रजा, खासदारकी यांची बहुतेक आकडेवारी दोनच रकाने पाडून गोळा होते, तेव्हा विषयाचे शब्द पुराव्याच्या मापाचे असलेले बरे.

पहिली शंका मोठी आहे. आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत ‘दर्जाची व संधीची समानता’ आहे, चौदाव्या अनुच्छेदात ‘कायद्यापुढे समानता’ आहे. बाबासाहेबांच्या त्रयीत मात्र ‘स्वातंत्र्य, समता, बंधुता’ आहे. दोन्ही शब्द शुद्ध आहेत, पण काम वेगळं करतात. समानता दोन गोष्टी शेजारी ठेवून तपासता येते : हक्क सारखा आहे का, दर सारखा आहे का. समता हे मूल्य आहे. त्यात माणसाची किंमत आणि नात्यातला मान येतो. मराठवाड्यात हा शब्द आंबेडकरी चळवळीतून कानावर आलेला, त्यामुळे इथं तो उच्चारला की जात आणि बाई दोन्ही एकदम डोळ्यांपुढे येतात. पुण्यातल्या श्रोत्याला तो कदाचित नुसता भारदस्त वाटेल.

तिसरा शब्द सरांनी विचारलेला नाही, पण स्पर्धेत तो येणारच : ‘बरोबरी’. आपल्याकडं ‘ती गड्याची बरोबरी करायली’ हे कौतुकानं क्वचितच म्हणतात, बहुधा ते टोचूनच असतं. बरोबरीत एक मूळ माप धरलेलं असतं आणि ते पुरुषाचं असतं. विरोधी बाजूचा वक्ता हा शब्द वापरून अर्धी बाजी मारतो, कारण श्रोत्यांच्या मनात स्त्रीवाद म्हणजे पुरुषाशी झोंबी असं आपोआप ठरून जातं.

समता आणि समानता यांतला फरक स्वीडनच्या उदाहरणानं चांगला उघडतो. 1974 मध्ये तिथं नुसत्या आईच्या रजेऐवजी आईबाप दोघांनाही मिळणारी पालकत्व रजा आली. कागदावर हक्क सारखा झाला. पण रजेचे दिवस एकमेकांना देता येत होते, त्यामुळे बहुतेक दिवस आईच घेत राहिली. कारण साधं होतं : ज्याचा पगार कमी तो घरी राहिला तर घराचं नुकसान कमी, आणि पगार बहुधा आईचा कमी. म्हणून 1995 मध्ये प्रत्येक पालकासाठी एकेक महिना राखून ठेवला, तो घेतला नाही तर बुडणार. 2002 मध्ये दोन महिने झाले, 2016 मध्ये 90 दिवस. एकूण रजा 480 दिवसांची. पहिल्या टप्प्यात समानता होती, समता नव्हती. न घेतल्यास बुडणारे दिवस ठेवल्यावरच बाप घरी बसू लागले.

‘साधतो’ या क्रियापदानंही घोळ होतो. साधणं म्हणजे काम तडीस नेणं, मग एका देशात तफावत उरलेली दाखवली की विषय पडला. शिवाय अर्थव्यवस्था, शिक्षण, गर्भनिरोधकं यांचा वाटा कुठं मोजायचा? ‘पुढे नेतो’ किंवा ‘हातभार लावतो’ म्हटलं तर दोन्ही बाजूंना लढायला जागा राहते. हातभार दाखवायला आइसलँड घ्या. 24 ऑक्टोबर 1975 रोजी तिथल्या सुमारे 90 टक्के बायकांनी नोकरी आणि घरकाम दोन्ही दिवसभर बंद ठेवलं. पुढच्याच वर्षी समान हक्कांचा कायदा झाला आणि 1980 मध्ये विगदिस फिनबोगादोत्तिर राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्या. तरीही 2018 मध्ये आणखी एक कायदा आणावा लागला : 25 किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांनी समान पगार देत असल्याचं स्वतः सिद्ध करायचं. आधी सिद्ध करण्याचा बोजा तक्रार करणाऱ्या बाईवर होता.

‘आधुनिक’ काढून टाका. मराठीत हा शब्द एकोणिसाव्या शतकापासून सुरू होतो, म्हणून एक वक्ता न्यूझीलंडमधल्या 1893 च्या मताधिकारावर बोलेल, दुसरा 2017 च्या ‘मी टू’वर, आणि परीक्षक मधेच लटकतील. ‘1970 नंतरचा’ असं साल घाला. त्यात 1971 मध्ये स्वित्झर्लंडच्या बायकांना मिळालेलं मत येतं. पश्चिम जर्मनीतला 1977 चा बदलही येतो, तोवर तिथं लग्न झालेल्या बाईची नोकरी घरकामाच्या आड येणार नाही अशी कायद्यातच अट होती.

‘विकसित देश’ हेही एक मोठं पोतं आहे. पूर्णवेळ काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या मध्यक (म्हणजे रांगेतल्या बरोबर मधल्या) पगारात दक्षिण कोरियात सुमारे 30 टक्के तफावत आहे, युरोपीय संघाचा आकडा 12-13 टक्क्यांच्या आसपास. पण हे दोन आकडे शेजारी ठेवू नका : युरोपीय संघ तासाच्या सरासरी दरातला फरक मोजतो. तासाचा दर धरला तर नेदरलँड्समधल्या अर्धवेळ काम करणाऱ्या बायकांची महिन्याची कमी कमाई दिसतच नाही, आणि तिथं अर्ध्याहून जास्त नोकरदार बायका अर्धवेळच आहेत. वक्त्यांची ठरलेली चूक म्हणजे हा आकडा ‘समान कामाला समान दाम’ या घोषणेला चिकटवणं. तो एकाच कामाच्या दोन पगारांतला फरक नाही, मोजणीत धरलेल्या सगळ्या बायका आणि सगळे पुरुष यांच्या सरासरी किंवा मध्यक पगारांतला आहे. त्याला ‘पगारातली तफावत’ म्हणावं.

मोजण्यावरून आपल्याकडचा ‘कोयता’ आठवतो. बीडकडच्या ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता. उचल कोयत्याला मिळते आणि बहुधा गडीच घेतो. बाईची मजुरी वेगळी लिहिलेलीच नाही, तर ती कमी की जास्त कोण सांगणार? समानता मोजायची तर आधी रकाना वेगळा लागतो. ब्रिटनमध्ये 250 किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या संस्थांना 2017 पासून हे आकडे जाहीर करावे लागतात, ते याचसाठी.

माझा कौल विचाराल तर हातभार आहे, पण एकसारखा नाही. चळवळीची मागणी जिथं दिवस, आकडा आणि दंड असलेला नियम झाली तिथं फरक पडला, तोही सगळीकडं नाही. नॉर्वेनं सार्वजनिक भागभांडवलाच्या कंपन्यांत 40 टक्के बायका संचालक असाव्यात असा नियम 2008 पासून पक्का लागू केला. मंडळावर बायका आल्या, पण खालच्या पायऱ्यांवरच्या बायकांना त्याचा फारसा लाभ अभ्यासात दिसला नाही. विरोधी बाजूनं हे जरूर वापरावं. क्लॉडिया गोल्डिन यांना 2023 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांच्या कामातूनही तफावतीचा मोठा भाग पहिल्या मुलापासून सुरू होतो असं दिसतं. डेन्मार्कसारख्या देशातही मूल झाल्यावर आईची कमाई पुरुषांच्या तुलनेत दीर्घकाळ सुमारे 20 टक्क्यांनी मागं राहते.

तर विषय असा ठेवावा : ‘1970 नंतरच्या स्त्रीवादी चळवळींनी विकसित देशांत स्त्री-पुरुष समानता पुढे नेली आहे.’ प्रश्नचिन्ह नको. विधान असलं की बाजूंची वाटणी चोख होते. ‘स्त्रीवाद’च्या जागी ‘स्त्रीमुक्ती’ घालू नये. तो शब्द आपल्याकडं 1975 च्या चळवळीशी जोडलेला आहे आणि गावात ‘स्त्रीमुक्तीवाली’ हा टोमणा झालाय. फलकावर लिहिताना ‘स्त्रीवादी’ एकत्र आणि दीर्घ, ‘स्त्री-पुरुष’ संयोगचिन्हासह, आणि ‘स्त्रियांना’ ह्रस्व. ‘स्त्रीयांना’ हे दर दुसऱ्या फलकावर दिसतं, तेवढं टाळा.