करात सूट, करातून सूट आणि उत्पन्नातून वजावट

प्रश्न असा आहे: अर्थसंकल्पावरच्या संसदेतल्या चर्चेचा वृत्तान्त मराठीत लिहिताना सूट, सवलत, वजावट, कपात, माफी हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले तर चालतात का? गृहकर्जाच्या व्याजावर मिळते ते यांपैकी नेमके काय? ब्रिटनच्या बातम्यांतल्या ‘मॉर्गेज रिलीफ’ला ‘गहाण सवलत’ म्हणावे का? आणि ‘फायनान्शियल रेग्युलेशन’ म्हणजे नियमन, विनियमन की नियंत्रण?

पहिल्याचे उत्तर सरळ आहे: चालत नाहीत. बोलताना आपण सगळ्यालाच ‘सूट’ म्हणून मोकळे होतो आणि समोरच्याला कळतेही. पण छापील बातमी वाचून माणूस आपला कर मोजायला बसतो, तेव्हा यातला प्रत्येक शब्द हिशेबाच्या वेगवेगळ्या ओळीवर बसतो. ओळ चुकली की आकडा चुकतो.

हा काटेकोरपणा इंग्रजीकडून उसना घ्यावा लागत नाही. महाराष्ट्र शासनाने ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तेव्हाच्या उपाययोजना वाचून पाहा. जमीन महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीस स्थगिती, कृषिपंपांच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्कात माफी, रोजगार हमीच्या कामांच्या निकषांत शिथिलता. वसुली थांबली आहे तिथे ‘माफी’ लिहिलेले नाही, कारण कर्ज उभेच आहे. बिल कमी होते तिथे सूट, देणेच उरत नाही तिथे माफी, नियम सैल होतो तिथे शिथिलता. आणि या सगळ्यांना मिळून एक नाव: सवलती. तालुक्याच्या गावात तलाठी आणि शेतकरी हे शब्द रोज वापरतात, आणि ‘स्थगिती’ ऐकून कर्ज फिटल्याच्या समजुतीने कोणी घरी जात नाही.

यातून माझे पहिले म्हणणे निघते. इंग्रजीतल्या ‘रिलीफ’ला एका शब्दात पकडायचेच असेल तर ‘सवलत’ घ्यावा, कारण तोच आपल्याकडे छत्रीसारखा वर धरलेला शब्द आहे. त्याच्याखाली नेमके काय आहे ते मात्र दुसऱ्या शब्दाने सांगावे लागते.

दुसरे म्हणणे विभक्तीचे आहे आणि मला ते जास्त महत्त्वाचे वाटते. ‘करात सूट’ आणि ‘करातून सूट’ या दोन गोष्टी आहेत. ‘करात’ म्हटले की कर आकारला गेला आहे आणि त्या रकमेत काही कमी झाले आहे; वीजबिलात सूट मिळते तशीच. ‘करातून’ म्हटले की ती व्यक्ती, वस्तू किंवा उत्पन्न कराच्या कक्षेतच येत नाही. या दुसऱ्या अर्थाला ‘करमुक्त’ हा सुटसुटीत शब्द आहे, तोच वापरला तर घोटाळा टळतो. शेतीचे उत्पन्न केंद्राच्या आयकरातून मुक्त आहे, म्हणून ते करमुक्त. आणि ‘वजावट’ यांच्यापासून निराळी: ती उत्पन्नातून होते, कर मोजण्याच्या आधी. उत्पन्नातून वजावट, करात सूट, करातून मुक्ती. प्रत्यय नीट लावला तर नाम थोडे इकडेतिकडे झाले तरी वाचक तरतो. नाम बरोबर असून प्रत्यय चुकला तर तो बुडतो.

आता गृहकर्ज. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २४(ब) नुसार स्वतः राहत्या घराच्या कर्जावरचे व्याज वर्षाला २ लाख रुपयांपर्यंत उत्पन्नातून वजा करता येई. २०१४ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी ही मर्यादा दीड लाखावरून २ लाखांवर नेली. म्हणजे ही वजावट. तिला ‘२ लाखांची करसवलत’ म्हटले की साधा वाचक समजतो, आपला कर २ लाखांनी घटला. प्रत्यक्षात जुन्या करप्रणालीत ३० टक्क्यांच्या टप्प्यात बसणाऱ्याचे २ लाखांवर ६० हजार वाचतात, २० टक्केवाल्याचे ४० हजार (उपकर बाजूला ठेवून). ज्याची मिळकत मोठी त्याला लाभ मोठा. या तरतुदीवरचा सगळ्यात जुना आणि रास्त आक्षेप हाच आहे, आणि तो ‘वजावट’ या शब्दातच दिसतो. ‘सवलत’ लिहिले की तो आक्षेप कशावर आहे हेच वाचकाला उमगत नाही. नव्या करप्रणालीत तर राहत्या घराच्या व्याजाची ही वजावट मिळतच नाही; भाड्याने दिलेल्या घराची मिळते.

१ फेब्रुवारी २०२५ च्या भाषणानंतर याहून मोठा गोंधळ झाला. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर भरावा लागणार नाही, असे निर्मला सीतारामन यांनी जाहीर केले. ‘१२ लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त’ अशी वाक्ये सर्रास लिहिली-बोलली गेली. पण करमुक्त मर्यादा ठरली ४ लाखांची. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के म्हणजे २० हजार, ८ ते १२ लाखांवर १० टक्के म्हणजे ४० हजार, असा ६० हजारांचा कर आकारला जातो आणि त्यात पूर्ण ६० हजारांची सूट मिळते (१९६१ च्या कायद्यात ही तरतूद कलम ८७अ मध्ये होती). ही करात सूट. करसल्लागारांच्या रोजच्या बोलण्यात ‘रिबेट’. खिशातून शेवटी शून्यच जाते, मग फरक कसला, असे कोणी म्हणेल. समजा एखाद्याचे पगाराचे उत्पन्न प्रमाणित वजावटीनंतर (पगारदाराला सरसकट मिळणारी ठरावीक वजावट) ८ लाख आहे आणि शेअरबाजारात त्याने ३ लाखांचा अल्पमुदतीचा भांडवली नफा कमावला, ज्यावर २० टक्क्यांचा खास दर आहे. एकूण ११ लाख, म्हणजे १२ च्या आतच. पण ही सूट खास दराच्या उत्पन्नावरच्या कराला लागू नाही. त्याला त्या ३ लाखांवर ६० हजार कर आणि वर उपकर भरावा लागेल. ‘करमुक्त’ हा शब्द वाचून त्याने नफा वसूल केला असेल, तर त्याची फसगत शब्दाने केली. अर्थमंत्र्यांच्या भाषणात भांडवली नफ्याचा अपवाद त्याच वाक्यात होता. मराठीत येताना तो गळू देऊ नये.

याच संदर्भात ‘मार्जिनल रिलीफ’ येते. कोणाचे उत्पन्न १२ लाख १० हजार झाले तर टप्प्यांप्रमाणे कर होतो ६१,५००. म्हणजे १० हजार जास्त कमावले म्हणून ६१,५०० भरायचे. तसे होऊ नये म्हणून कर त्या वरच्या १० हजारांपुरताच मर्यादित ठेवतात. याला ‘किरकोळ सवलत’ म्हणू नये. ५१,५०० रुपये किरकोळ नाहीत. ‘सीमेवरची सवलत’ किंवा पाठ्यपुस्तकी मराठीत ‘सीमान्त सवलत’. मला पहिला शब्दप्रयोग आवडतो, कारण १२ लाखांची सीमा जेमतेम ओलांडलेल्यालाच ती मिळते हे त्यात ऐकू येते.

‘कपात’ जपून वापरावा. ‘करकपात’ म्हणजे कराचा दर खाली आणणे, आणि ‘मुळातून करकपात’ म्हणजे पगार किंवा व्याज हाती येण्याआधीच कर कापून घेणे, ज्याला सगळे टीडीएस म्हणतात. एकाने हाती जास्त येते, दुसऱ्याने कमी. शिवाय सभागृहात ‘कपात सूचना’ असते, तिचा कराशी संबंधच नाही. ती खर्चाच्या अनुदानाच्या मागणीवर मांडतात. एखादे धोरणच अमान्य असेल तर ती मागणी १ रुपयावर आणावी अशी, आणि एखादे गाऱ्हाणे वेशीवर टांगायचे असेल तर १०० रुपये कमी करावेत अशी. म्हणून ‘विरोधकांनी करावर कपात सूचना मांडली’ असे वाक्य लिहिले गेले तर ते पुसावे. करावरची दुरुस्ती वित्त विधेयकावर सुचवली जाते.

‘माफी’त देणे आधीच झालेले असते आणि धनको ते सोडून देतो. २९ फेब्रुवारी २००८ रोजी पी. चिदंबरम यांनी मांडलेली ६० हजार कोटींची योजना ‘शेतकरी कर्जमाफी’ म्हणून ओळखली गेली. तिच्या अधिकृत नावात दोन शब्द होते, माफी आणि सवलत, आणि ते दोन वेगळ्या शेतकऱ्यांसाठी होते. २ हेक्टरपर्यंतच्या अल्प व अत्यल्प भूधारकांचे थकीत कर्ज पूर्ण माफ होणार होते. त्याहून जास्त जमीन असलेल्यांनी ७५ टक्के भरले तरच उरलेल्या २५ टक्क्यांची सूट होती. आपल्याकडच्या बोलण्यात दोन्ही मिळून कर्जमाफी झाली, आणि कोरडवाहू अडीच-तीन हेक्टरवाला, ज्याची अवस्था दोन एकर बागायतीवाल्याहून बिकट असू शकते, आपल्यालाही माफी मिळाली असे समजला. शब्द वेगळे ठेवले असते तर त्याला आपला वाटा पहिल्याच दिवशी कळला असता. पुढे राज्याने २०१९ मध्ये महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाच्या योजनेत ‘कर्जमुक्ती’ हा शब्द घेतला. माफी अपराध्याला करतात, कर्ज हा अपराध नव्हे, हे म्हणणे शेतकरी चळवळीचे होते आणि मला ते पटते.

२०२० च्या टाळेबंदीत हीच गल्लत शहरात झाली. रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० ला हप्ते तीन महिने पुढे ढकलण्याची परवानगी बँकांना दिली, नंतर ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. ती हप्त्यांची स्थगिती होती. व्याज चालूच होते. ‘हप्ते माफ’ असे समजून बसलेल्यांच्या कर्जाची मुदत लांबली. पुढे सरकारने आणि मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जे काढून टाकले ते व्याजावरचे व्याज. मूळ व्याज नव्हे.

आता ब्रिटन. तिथे १९८३ पासून गृहकर्जाच्या व्याजावरची सवलत कर्ज देणाऱ्या संस्थेकडेच परस्पर मिळे: कर्जदार व्याजाचा हप्ता कमी भरायचा आणि उरलेला भाग सरकार त्या संस्थेला द्यायचे. कर्जाच्या पहिल्या ३० हजार पौंडांपुरतीच ती होती. १९९१ पर्यंत वरच्या कराच्या टप्प्यातल्या कर्जदाराला जास्त लाभ होई, म्हणजे ती आपल्या वजावटीच्याच स्वभावाची होती. त्यानंतर सगळ्यांना मूळ दरानेच, मग १९९४ मध्ये २० टक्के, १९९५ मध्ये १५, १९९८ मध्ये १०, आणि तिथले तेव्हाचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी एप्रिल २००० पासून ती बंद केली. इंग्रजीत नाव शेवटपर्यंत ‘रिलीफ’च राहिले, मराठीत लिहिताना १९९१ आधी ‘वजावट’ आणि नंतर ‘ठरावीक टक्क्यांची सूट’ असे म्हणणे भाग आहे. घरे भाड्याने देणाऱ्यांच्या बाबतीत हा बदल आणखी उघड दिसतो. २०१५ च्या तिथल्या दुसऱ्या वित्त कायद्याच्या कलम २४ ने (आपल्या कलमाशी आकडा जुळतो हा योगायोग) त्यांची व्याजाची वजावट २०१७ ते २०२० या काळात टप्प्याटप्प्याने काढली आणि तिच्या जागी करात २० टक्क्यांची सूट ठेवली. १० हजार पौंड व्याज भरणाऱ्या ४० टक्केवाल्याचे पूर्वी ४ हजार वाचत, आता २ हजार. संसदेतल्या त्या वादाची मराठी बातमी ‘वजावट जाऊन सूट आली’ एवढ्या चार शब्दांत मांडता येते, पण दोन्हींना ‘सवलत’ म्हटले तर वाद कशावरून होता हेच सांगता येत नाही.

‘गहाण सवलत’ मात्र नको. सवलत व्याजावर आहे, गहाणावर नाही. आपल्याकडे गहाण ही क्रिया आहे आणि तिच्यात नजरगहाण (ताबा कर्जदाराकडेच राहतो), ताबेगहाण (ताबा धनकोकडे जातो) असे बारकावे आहेत. बँकेच्या कर्जाला लोक गृहकर्जच म्हणतात. ‘गृहकर्जाच्या व्याजावरची सवलत’ लांब असले तरी बरोबर आहे. जून २०२३ मध्ये व्याजदर चढल्यावर तिथल्या सरकारने बँकांशी जो करार केला, त्यात सहा महिने फक्त व्याज भरता येईल आणि पहिला हप्ता चुकल्यापासून बारा महिने घर जबरदस्तीने ताब्यात घेतले जाणार नाही, असे होते. यात कर नाही, सूटही नाही. यातल्या पहिल्या भागाला ‘मुभा’ आणि दुसऱ्याला ‘अभय’ हे शब्द चपखल बसतात.

राहिले नियमन. आपला १९४९ चा कायदा ‘बँकिंग नियमन कायदा’ म्हणूनच रूढ आहे, तेव्हा कामाला नियमन आणि ते करणाऱ्या संस्थेला नियामक. ‘विनियम’ म्हणजे त्या संस्थेने काढलेला लेखी नियम: सेबीचे विनियम, वीज नियामक आयोगाचे विनियम. ‘विनियमन’ कायद्यांच्या मराठी नावांत आढळते, बातमीच्या मराठीला त्याची गरज नाही. नियंत्रण वेगळे. २०१० मध्ये पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त झाले, म्हणजे भाव ठरवणे सरकारने सोडले; पंपावर माप आणि भेसळ तपासणे तसेच राहिले. एखाद्या सहकारी बँकेतून पैसे काढण्यावर रिझर्व्ह बँक मर्यादा घालते तेव्हा ते ‘निर्बंध’. तेव्हा बँकेचा परवाना अजून शाबूत असतो, आणि ठेवीदाराला त्या दिवशी बातमीतून सगळ्यात आधी हेच कळायला हवे असते.