प्रश्न तुमचे : धुराड्यातल्या कार्बनचे पुढे काय होते?

प्रश्न : कारखान्याच्या धुरातील कार्बन डायऑक्साइडपासून विद्यापीठांतील संशोधकांनी इंधन तयार केल्याच्या बातम्या वारंवार वाचनात येतात. तसे असेल तर तो वायू हवेत सोडण्याची वेळच का यावी? ‘चक्रीय कार्बन अर्थव्यवस्था’ ती हीच का?

उत्तर : बातम्या खोट्या नसतात, पण त्यांत ऊर्जेचा हिशेब बहुधा गाळलेला असतो. कार्बन डायऑक्साइड ही एका अर्थाने ज्वलनाची राखच आहे. त्या कार्बनमधून मिळण्यासारखी ऊर्जा आधीच मिळून गेलेली असते आणि त्याचे पुन्हा इंधन करायचे तर ती बाहेरून, शिवाय अधिक प्रमाणात, पुरवावी लागते. एक टन मिथेनॉल (असे बनवता येणारे एक द्रव इंधन) तयार करण्यासाठी सुमारे १.४ टन कार्बन डायऑक्साइड आणि १९० किलो हायड्रोजन लागतो. हा हायड्रोजन पाण्याच्या विद्युत अपघटनाने मिळवायचा झाल्यास जवळजवळ १०,००० युनिट वीज खर्च होते, आणि ते मिथेनॉल जाळल्यावर उष्णता मिळते ती सुमारे ५,५०० युनिटांइतकी. ही वीज कोळशाची असेल, तर १.४ टन वायू वापरात आणण्यासाठी त्याच्या कित्येक पट वायू हवेत जाईल. आइसलँडमध्ये भूऔष्णिक ऊर्जेच्या आधारे असा एक कारखाना उभा राहिला, त्याचे कारण तेथील स्वच्छ वीज. मिथेनॉलवर आधारलेल्या अर्थव्यवस्थेचा पुरस्कार करणारे नोबेल विजेते रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज ओला यांचे नाव त्या कारखान्याला दिलेले आहे.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा. सिमेंटच्या भट्टीतला वायू पकडून त्याचे इंधन केले आणि ते वाहनात जाळले, तर तोच कार्बन काही आठवड्यांनी हवेत पोहोचतो. एकाच कार्बनचा दोनदा उपयोग झाला, हा लाभ खरा. पण याला चक्र म्हणता येणार नाही. कार्बन हवेतून किंवा वनस्पतींतून घेतला असेल, तरच चक्र पूर्ण होते. जी-२० गटाने २०२० मध्ये सौदी अरेबियाच्या अध्यक्षतेखाली ‘चक्रीय कार्बन अर्थव्यवस्था’ ही संकल्पना उचलून धरली, तेव्हा तिच्यात उत्सर्जन कमी करणे, वायूचा पुनर्वापर, पुनर्चक्रण आणि निष्कासन (तो काढून साठवणे) अशी चार अंगे मानली होती. तेल विकणाऱ्या देशाला यांतील मधली दोन अंगे अधिक सोयीची वाटणार, एवढे ध्यानात ठेवून ती वाचावी.

प्रश्न : सिमेंटच्या भट्ट्या सौरऊर्जेवर चालवल्या तर उत्सर्जन थांबणार नाही का?

उत्तर : निम्मेसुद्धा थांबणार नाही. १०० किलो शुद्ध चुनखडी तापवली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड निघून जातो, मग उष्णता कोळशाची असो वा सूर्याची. सिमेंटच्या एकूण उत्सर्जनापैकी सुमारे ६० टक्के भाग असा थेट दगडातून येतो. म्हणून संशोधकांचे लक्ष इंधनाइतकेच कच्च्या मालाकडेही आहे. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील तंत्रविद्यापीठाने क्यूबा आणि भारतातील संशोधकांसह विकसित केलेल्या सिमेंटमध्ये क्लिंकरचे (चुनखडी आणि माती भट्टीत भाजून मिळणारे गोळे, जे दळून सिमेंट होते) प्रमाण निम्म्यावर आणून त्याऐवजी भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेली चुनखडी वापरतात.

मला त्याहून लक्षवेधी वाटते ते केंब्रिज विद्यापीठाचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेले काम. भंगारातून पोलाद वितळवताना विद्युत भट्टीत अशुद्धी शोषून घेण्यासाठी चुना टाकावा लागतो. या संशोधकांनी चुन्याऐवजी पाडलेल्या इमारतींच्या काँक्रीटमधून वेगळे केलेले जुने सिमेंट वापरले. वितळलेल्या पोलादावर तरंगणारी मळी (स्लॅग) योग्य रीतीने थंड केल्यावर तिचे क्लिंकर झाले. या सिमेंटमधील कार्बन पहिल्यांदा भाजतानाच निघून गेलेला असल्याने तो नव्याने बाहेर पडण्याचा प्रश्न उरत नाही, आणि पकडून ठेवायलाही काही नसते. मर्यादा आहे ती पुरवठ्याची : जुन्या काँक्रीटमधून वाळू-खडी वेगळी काढून सिमेंट स्वच्छ मिळायला हवे, आणि भट्टीला लागणारी वीजही स्वच्छ हवी.