अमेरिकी दिग्दर्शक जॉन वॉटर्सचा ‘धिस फिल्थी वर्ल्ड’ हा एकपात्री कार्यक्रम पाहण्याआधी त्याचे कोणते चित्रपट पाहावेत?

तीन पुरेत आणि क्रम उलटा ठेवा, आधी नवा, मग जुना. ‘पिंक फ्लेमिंगोज’ने सुरुवात करणारे बरेच जण अर्ध्यातच उठतात आणि वॉटर्सच्या वाटेला पुन्हा जात नाहीत.

पहिला ‘हेअरस्प्रे’ (१९८८). साठच्या दशकातलं बाल्टिमोर, टीव्हीवरचा नाचाचा कार्यक्रम आणि त्यात काळ्या मुलांनाही नाचू द्या म्हणून उभी राहणारी एक जाडगेली मुलगी. हा घरच्यांसोबत पाहता येतो. शोधताना मात्र जपा. जॉन ट्रवोल्टा दिसला तर तो २००७चा, ब्रॉडवेवरच्या संगीतिकेवरून दुसऱ्याच दिग्दर्शकाने केलेला. आपल्याला १९८८चाच हवा, कारण त्यात आईच्या भूमिकेत डिव्हाइन आहे. हा वॉटर्सचा किशोरवयापासूनचा मित्र, स्त्रीवेषात त्याच्या चित्रपटांची नायिका झालेला. ‘हेअरस्प्रे’ लागल्यावर महिनाभराच्या आतच तो गेला. हे ठाऊक असलं की वॉटर्स त्याच्याबद्दल बोलतो तेव्हा हसता हसता घसा दाटतो.

मग ‘पॉलिएस्टर’ (१९८१). याच्या प्रेक्षकांना दहा आकड्यांचं एक कार्ड मिळायचं. पडद्यावर आकडा चमकला की कार्डावरचा तो ठिपका खरवडून वास घ्यायचा. वास सगळे सुगंधीच असतील असं समजू नका! कार्ड नसलं तरी आकडे येतात तिकडे लक्ष ठेवा. ही भयपटांचा दिग्दर्शक विल्यम कॅसल याची परंपरा. त्याने ‘द टिंगलर’साठी (१९५९) थिएटरातल्या काही खुर्च्यांना थरथरणारी यंत्रं बसवली होती. वॉटर्सला हा माणूस मनापासून थोर वाटतो, आणि मला वाटतं त्याचं बरोबर आहे.

शेवटी ‘पिंक फ्लेमिंगोज’ (१९७२). एकट्याने पाहा, जेवणानंतर लगेच नको. डिव्हाइन कुत्र्याची विष्ठा खातो तो शेवटचा प्रसंग खराच आहे, त्यात कॅमेऱ्याची करामत नाही. शक्यतो पंचविसाव्या वर्धापनाची आवृत्ती मिळवा. चित्रपट संपल्यावर वॉटर्स स्वतः येऊन वगळलेले प्रसंग दाखवतो. त्याची बोलण्याची ढब तिथेच कानात बसते.

आता मूळ कार्यक्रम, ‘धिस फिल्थी वर्ल्ड’. २००६, दिग्दर्शन जेफ गार्लिनचं, ८६ मिनिटं, न्यूयॉर्कमधलं एक नाट्यगृह. एकपात्री म्हटलं की आपल्याला ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ आठवतं, एकच नट बावन्न माणसं उभी करणारा. इथे तसं शोधू नका. वॉटर्स वॉटर्सच राहतो आणि गप्पा मारतो: गुन्ह्यांचे खटले, भडक स्वस्त चित्रपट, फॅशन, आधुनिक चित्रकला. ही सवय जुनी आहे. सत्तरच्या दशकात तो रिळं घेऊन कॉलेजांत जायचा तेव्हाही आधी मंचावर बोलायचा, आणि मग डिव्हाइन प्रेक्षकांवर मेलेले बांगडे भिरकवायचा.

तो भरभर बोलतो, नावांचा नुसता पाऊस पडतो, तेव्हा इंग्रजी सबटायटल्स लावाच. एखादं नाव अडलं तर थांबून शोधू नका. एका किश्शावर पुढचा चढलेला असतो, मध्ये थांबलात की लय तुटते. नावं दुसऱ्यांदा पाहताना शोधा.

आणि ती पेन्सिलच्या रेघेसारखी मिशी नीट पाहा. ती रॉक अँड रोल गायक लिटल रिचर्डवरून घेतलेली आहे आणि ठसठशीत दिसावी म्हणून तो खरोखरच भुवयांच्या पेन्सिलने ती भरतो.