न्यू जर्सीला येताय? छतावरच्या त्या डबीबद्दल सविस्तर

तुमचा निरोप दोनदा वाचला. ऑगस्टमध्ये दोन वर्षांची मुलगी आणि सासूबाईंना घेऊन तुम्ही जुळे सोलापुरातून इकडे येताय, मिस्टरांनी भाड्याचं घर बघून ठेवलंय. कुणीतरी तुम्हाला सांगितलं की तिथे फोडणी घातली की अलार्म वाजतो, फायर ब्रिगेड दारात येते, दंड होतो, म्हणून आपले लोक स्मोक डिटेक्टरची, म्हणजे धूर ओळखून वाजणाऱ्या छतावरच्या त्या डबीची, बॅटरीच काढून ठेवतात. तसं करावं का, आणि सासूबाईंच्या देवापुढच्या दिव्याचं काय, असे तुमचे दोन प्रश्न.

बॅटरी काढू नका. वर पिशवी बांधू नका, शॉवर कॅप चढवू नका. मी ते केलंय आणि थोडक्यात निभावलंय, म्हणून एवढं ठासून सांगते.

मी २०१२ साली इथे आले. माहेर सोलापुरातच, अशोक चौकाजवळ. इथलं पहिलं घर जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, स्वयंपाक आणि बसणं-उठणं एकाच खोलीत, आणि ओट्यापासून चार पावलांवर छताला ती पांढरी डबी. पहिल्याच आठवड्यात आमटीला लसणाची फोडणी दिली आणि ती अशी किंचाळली की पाळण्यातली लेक दचकून रडायला लागली. तीन-चारदा असं झाल्यावर मी स्टुलावर चढले आणि प्लॅस्टिकची शॉवर कॅप तिच्यावर ओढून बसवली. स्वयंपाक उरकला की काढायची, असं ठरवलं होतं. दोन दिवस काढली. मग ती तिथेच राहिली.

जानेवारीत, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत गावाची फार आठवण येत होती, म्हणून एका रात्री शेंगाचटणी करायला घेतली. शेंगदाणे भाजून झाले, शेगडी बंद केली. इथली शेगडी विजेच्या कॉइलची होती. गॅस बंद केला की ज्योत जाते आणि ते डोळ्यांना दिसतं. कॉइलची लाली जाते, पण ताप बराच वेळ तसाच राहतो. हे मला अजून अंगवळणी पडलं नव्हतं. हात पुसलेला नॅपकिन, आईने बांधून दिलेला जाड सोलापुरी, मी सवयीने शेगडीवर टाकला आणि लेकीला झोपवायला आत गेले. तिच्याजवळच माझा डोळा लागला.

सुती कापड लगेच भडकत नाही, धुमसतं. ज्वाळा नाही, आवाज नाही, नुसता धूर. मिस्टर उशिरा कामावरून आले आणि दार उघडलं तर छतापासून दिव्याच्या उंचीपर्यंत राखाडी थर साचलेला. नॅपकिनच्या मधोमध ताटलीएवढं काळं भोक पडलं होतं आणि त्याच्या कडेने तांबडी रेघ हळूहळू बाहेर सरकत होती. वर डिटेक्टर, त्यावर माझी शॉवर कॅप. त्यांनी चिमट्याने नॅपकिन उचलून बेसिनमध्ये नळाखाली धरला आणि आम्हाला हलवून जागं केलं. त्या धुराने मला जाग आली नव्हती. लेक माझ्या कुशीत होती. ते अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

आपल्याला वाटतं, धूर झाला की ठसका लागेल आणि जाग येईल. तसं होत नाही. झोपेत नाक आपल्याला उठवत नाही, आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड गुंगी आणखी वाढवतो. सोलापूरच्या घरात खिडक्या उघड्या, वर झरोका, धुराला वाट असते. इथे नोव्हेंबर ते मार्च खिडक्या घट्ट बंद. बरीचशी घरं आतून लाकडी सांगाड्याची, त्यात सोफा, गादी, गालिचा सगळं कृत्रिम धाग्याचं. असं घर पेटलं तर बाहेर पडायला कधीकधी दोन मिनिटंही मिळत नाहीत. तुम्ही सोलापूरच्या आहात, १८ मे २०२५ ची पहाट तुम्हाला वेगळी सांगायला नको. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात आठ जीव गेले, त्यात मालकाच्या घरची माणसं होती, लहान मूल होतं. ती बातमी मी इथे बसून वाचली आणि सगळ्यात आधी उठून घरातल्या सगळ्या डिटेक्टरची बटणं दाबून पाहिली.

आता फोडणीचं. बंदोबस्त स्वयंपाकाच्या पद्धतीचा करायचा, डबीचा नाही.

घरात शिरलात की आधी शेगडीवरचा हूड तपासा. पुष्कळ अपार्टमेंटांत तो धूर बाहेर टाकतच नाही, जाळीतून गाळून परत खोलीतच सोडतो. हूड चालू करून त्याच्या वरच्या कडेशी हात धरा. वारा हाताला लागला तर समजा बाहेर जायची नळी नाही. मग फोडणी घालायच्या आधीच, नंतर नव्हे, खिडकी उघडायची आणि टेबलफॅन खिडकीकडे तोंड करून लावायचा. हूडची जाळी महिन्यातून एकदा गरम पाण्यात साबण घालून धुवा, आपल्या तळणाने ती फार लवकर चिकट होते. कॉइल पूर्ण वर ठेवू नका, मध्यम आचेवर तेल तापू द्या. मोहरी तडतडायला तेल धुरकटावं लागत नाही. मिरच्या भाजायच्या असतील तर तव्यावर झाकण ठेवा.

एवढं करूनही वाजला तर घाबरू नका. बहुतेक डिटेक्टरवर आवाज थोडा वेळ थांबवायचं बटण असतं. ते दाबा, खिडक्या उघडा, टॉवेलने वारा घाला. एक मात्र लक्षात ठेवा: धूर घालवायला घराचं मुख्य दार उघडू नका. घरातला डिटेक्टर बहुतेक इमारतींत फक्त तुमच्या घरात वाजतो. धूर कॉरिडॉरमध्ये गेला आणि तिथला डिटेक्टर वाजला तर अख्खी इमारत खाली उतरते आणि बंब येतो. दंडाच्या ज्या गोष्टी तुम्ही ऐकल्यात त्यांचं मूळ बहुधा इथे आहे. वारंवार खोटे अलार्म झाले तर काही गावं दंड लावतात. खरी आग म्हणून एकदा बोलावलं आणि काही निघालं नाही, याला कुणी रागावत नाही.

तरी रोजच वाजत असेल तर डबी फिरवून खाली उतरवा आणि मागे काय लिहिलंय ते वाचा. दोन जाती असतात. आयनायझेशनच्या डिटेक्टरमध्ये अमेरिशियम या किरणोत्सारी मूलद्रव्याचा अगदी अल्प अंश असतो. तो ज्वाळेच्या आगीला लवकर ओळखतो, पण तळणाच्या बारीक कणांनाही लगेच भुलतो. फोटोइलेक्ट्रिक प्रकाशाच्या किरणावर चालतो, फोडणीला कमी वाजतो आणि माझ्या नॅपकिनसारखी धुमसती आग त्याला लवकर कळते. शेगडीपासून निदान १० फूट लांब आणि फोटोइलेक्ट्रिक, एवढं घरमालकाकडे लेखी मागा. भाडेकरूची ही मागणी इथे कुणाला वावगी वाटत नाही. डिटेक्टर प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक झोपायच्या खोलीत आणि त्या खोल्यांच्या बाहेर असावेत. शिवाय न्यू जर्सीत एक-दोन कुटुंबांच्या घरांत भाडेकरू बदलला की मालकाला स्मोक अलार्म, कार्बन मोनॉक्साइड अलार्म आणि फायर एक्स्टिंग्विशर (आग विझवायचं नळकांडं) यांचं सर्टिफिकेट घ्यावं लागतं. तुमचं घर त्या प्रकारचं असेल तर किल्ल्या घेतानाच ते दाखवायला सांगा. एक्स्टिंग्विशर स्वयंपाकघरापासून १० फुटांच्या आत टांगलेलं असायला हवं.

देखभाल फार नाही. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबायचं. आमच्याकडे संकष्टीला दाबतो, म्हणजे विसरत नाही. वर्षातून दोनदा व्हॅक्युमच्या ब्रशने धूळ काढायची. बॅटरी बदलता येणारी असेल तर ती वर्षातून एकदा बदलायची. काहींत १० वर्षं चालणारी, आतच कायमची बसवलेली बॅटरी असते, ती बदलायची नसते. आणि मागच्या तारखेपासून १० वर्षं झाली की डबीच नवी बसवायची, बटण दाबल्यावर वाजत असली तरी. रात्री दोनला मिनिटामिनिटाला एकच ‘टिक्’ ऐकू आली तर ती आग नव्हे, बॅटरी संपत आल्याची किंवा डबीचं वय झाल्याची खूण. बहुतेक जण याच वेळी वैतागून बॅटरी काढतात आणि नवी घालायची राहून जाते. म्हणून जादाची बॅटरी घरात ठेवा. अलार्म तीन-तीनच्या गटाने वाजला तर धूर. चार-चारच्या गटाने वाजला तर कार्बन मोनॉक्साइड. त्या वायूला वास नसतो, डोकं दुखतं, मळमळतं. तेव्हा कारण शोधत बसायचं नाही, सगळ्यांनी बाहेर पडून ९११ ला, म्हणजे इथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन करायचा. थंडीत कोळशाची शेगडी घरात आणायची नाही, गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवायची नाही.

तेल पेटलं तर पाणी अजिबात नको. पाणी तेलाच्या खाली जातं, क्षणात वाफ होतं आणि पेटतं तेल अंगावर उडवतं. बटण बंद करायचं आणि झाकण बाजूने सरकवून कढई झाकायची. ती उचलून बाहेर न्यायची नाही, झाकण उघडून बघायचंही नाही. पुऱ्या तळायला घेतल्या की मी कढईएवढं झाकण उजव्या हाताशी काढून ठेवते, आणि तेल शेगडीवर असताना फोन उचलत नाही.

सासूबाईंचा दिवा. हा प्रश्न तुम्ही विचारलात ते फार बरं केलंत, कारण बहुतेक जण विचारत नाहीत आणि मग घरात वाद होतात. आधी भाडेकरारात मेणबत्ती-उदबत्तीबद्दल काही कलम आहे का ते पाहा. नसेल तर निरांजन पितळी परातीत ठेवा, वर फळी नको, मागे पडदा नको, आणि ते डिटेक्टरच्या बरोबर खाली नको. धूप घालायचा तर खिडकीशी. पूजा करणारं माणूस उठलं की दिवा शांत करायचा, हा नियम. नवरात्रातल्या अखंड दिव्यावरून आमच्या सासूबाई पहिल्या वर्षी फार दुखावल्या होत्या. मी त्यांना ती नॅपकिनची रात्र सांगितली. त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, ‘देवीला तेल नको, आपण जागं राहायला हवंय.’ तेव्हापासून रात्री विजेचा छोटा दिवा घटापाशी लागतो, आणि सकाळी त्या स्वतः समई लावून आरती होईपर्यंत तिथेच बसतात.

थंडीत हीटर लावाल तो थेट भिंतीच्या सॉकेटला, एक्स्टेन्शनला नको, आणि अंथरुण-पडद्यांपासून ३ फूट लांब. कपडे वाळवायच्या मशीनची जाळी दर वेळी साफ करा. ज्याने मागाच्या शेडमध्ये उडणारा कापसाचा तंतू पाहिलाय त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. तुमचे नवे सोलापुरी टॉवेल पहिल्या काही धुण्यांत जाळी भरून तंतू टाकतील आणि तो तंतू गरम हवेत चटकन पेटतो.

बाहेर पडायची तालीम पहिल्याच रविवारी करा. कोण मुलीला उचलणार, कोण सासूबाईंचा हात धरणार, हे आधीच ठरलेलं हवं. लहान मुलं अलार्म वाजूनही झोपून राहतात, त्यामुळे ‘ती उठेल’ यावर विसंबू नका. रात्री खोल्यांची दारं लावून झोपा, बंद दार धूर बराच वेळ अडवतं. उठल्यावर आधी दाराला हाताची पाठ लावून पाहायची. गरम लागलं तर उघडायचं नाही. धूर असेल तर खाली वाकून चालायचं. लिफ्ट नाही, जिनाच. आमची जमायची जागा समोरच्या फुटपाथवरचं मेपलचं झाड आहे, तुम्हीही एक ठरवा. फोन बाहेर पोचल्यावर करायचा आणि पासपोर्टसाठीसुद्धा परत आत जायचं नाही. सासूबाईंना इंग्रजी येत नसलं तरी ‘फायर’ आणि घराचा पत्ता एवढं पाठ करून घ्या. आमच्या सासूबाईंनी आठ दिवसांत केलं होतं, पत्ता ओवीच्या चालीवर म्हणत.

सामानात कापूर आणि काडेपेटी घालू नका, विमानात चालत नाही. दोन्ही इथल्या भारतीय दुकानात मिळतात. आपला मिक्सर २३० व्होल्टचा, इथली वीज १२० ची. त्यासाठी स्वस्तातला ट्रान्सफॉर्मर घेऊन तो तापवत बसण्यापेक्षा मिक्सर इथेच घ्या.

आणि निघायच्या आधी एक काम तिकडचंही करा. तुमचे आईवडील आता दोघंच राहणार म्हणालात. त्यांच्या गॅसची नळी शेवटची कधी बदलली ते पाहा. पाच वर्षं झाली असतील तर नवी लावून घ्या. गॅसगळतीसाठी १९०६ आणि अग्निशमनासाठी १०१ हे आकडे मोठ्या अक्षरात फ्रिजवर चिकटवा. बॅटरीवरचा एक स्मोक डिटेक्टर त्यांच्या झोपायच्या खोलीबाहेर बसवा आणि निघायच्या आदल्या दिवशी तुमच्यासमोर त्यांना बटण दाबायला लावा. वडिलांचा हात छताला पोचत नसेल तर झाडूच्या दांड्याने दाबलं तरी चालतं.

शेंगदाणे मात्र तिकडूनच भाजून, चटणी कुटून आणा. पहिले दोन महिने तरी पुरेल एवढी.