आधी हजेरीपट बघ

अनेक आशीर्वाद.

नाझी छळछावण्यांतल्या सक्तीच्या मजुरीवरच्या तुझ्या प्रबंधाचा पहिला चॅप्टर काल रात्री वाचून काढला. लिहितेस छान, पण खरं सांगू का, पहिली बारा पानं नुसती हळहळ आहे गं. "अमानुष" हा शब्द मी मोजला, एकोणीस वेळा आलाय, आणि तरी कोण कुणाला राबवत होतं, पैसे कुठून कुठे जात होते काही पत्ता लागत नाही. मी काही इतिहासवाला नाही, उभी हयात कॉस्टिंगमध्ये गेली, त्यामुळे माझा सल्ला पण तसलाच. आधी बिलं बघ.

सगळ्या छळछावण्या एका प्रबंधात कोंबू नकोस, मोनोविट्झवर थांब, नाझींच्या ताब्यातल्या पोलंडमधल्या ऑशविट्झ छावणीचाच भाग तो. आयजी फार्बेन ही तेव्हाची अवाढव्य केमिकल कंपनी, तिने १९४१ मध्ये तिथे बुना म्हणजे कृत्रिम रबराचा कारखाना उभारायला घेतला, कोळसा जवळ, पाणी जवळ, रेल्वे जवळ, आणि माणसं एसएस पुरवणार, म्हणजे छावण्या चालवणारी हिटलरची सशस्त्र संघटना. रेट ठरलेला, कुशल कैद्याचे दिवसाला ४ मार्क, अकुशलचे ३. कैद्याच्या हातात यातला छदामसुद्धा नाही हं, कंपनी एसएसला भरायची. सुरुवातीला कैदी मुख्य छावणीतून कित्येक किलोमीटर चालत यायचे आणि रात्री तसेच परत, साइटवर पोचेपर्यंतच जीव अर्धा झालेला, त्यात टायफसची साथ आली, मग कंपनीने आपल्याच खर्चाने साइटला लागून छावणी बांधली, ऑक्टोबर १९४२ मध्ये ती चालू झाली. दया आली म्हणून नाही, कामाचे तास वाया जात होते म्हणून. आजाऱ्यांचंही तसंच, ५ टक्क्यांच्या वर आजारी नकोत असा दंडक, जो लवकर कामावर येण्यासारखा नाही त्याची रवानगी ऑशविट्झच्याच बिर्केनाउ छावणीला, म्हणजे गॅस चेंबरकडे, आणि त्याच्या जागी नवा.

आता हजेरीचं ऐक. सकाळी जितके बाहेर पडले तितकेच संध्याकाळी मोजून भरले पाहिजेत, म्हणून दिवसभरात जो कामावर मेला त्याचं प्रेत बाकीच्यांनी, ज्यांना स्वतःचे पाय उचलत नव्हते त्यांनी, खांद्यावर टाकून परत आणायचं आणि मोजणीला रांगेच्या कडेला ठेवायचं. आकडा जुळला की झालं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं, कारण टॅली लागल्यावर रात्री जे बरं वाटतं ना, ते मला चांगलंच माहितीये.

तू सगळीकडे "वेठबिगार" वापरलंयस, तो शब्द मला खटकतो. आपल्याकडे वेठ म्हणजे पाटलाकडे फुकट राबायचं, पण राबणारा गावातच राहायचा, पुढच्या वर्षीही तो लागणार असायचा. गुलामसुद्धा मालकाने पैसे मोजून घेतलेला, मेला तर मालकाचं नुकसान. इथला माणूस भाड्याचा, तो मेला तर कंपनीचं काही जात नाही आणि भाड्याने देणाऱ्या एसएसला तर तो मरायलाच हवाय. दुसरा शब्द मलाही सुचत नाहीये, पण निदान तळटीपेत हा फरक टाक.

बरं, एवढं करून तिथे रबर कधी निघालंच नाही! मिथेनॉल तेवढं निघालं.

शेवटचा चॅप्टर फक्त युद्धानंतर न्युरेंबर्गला कंपनीच्या अधिकाऱ्यांवर चाललेल्या खटल्यावर संपवू नकोस. १९४८ मध्ये कंपनीच्या १३ जणांना शिक्षा झाल्या, त्यातल्या फ्रिट्झ टेर मीरला ७ वर्षं, तो १९५० लाच बाहेर आला आणि १९५६ मध्ये बायर या जर्मन केमिकल कंपनीच्या पर्यवेक्षक मंडळाचा अध्यक्ष. तू नॉर्बर्ट वोल्हाइम शोध. बर्लिनचा ज्यू, मार्च १९४३ मध्ये बायको आणि तीन वर्षांच्या मुलासह ऑशविट्झला आणला, ती दोघं आल्या आल्या मारली गेली आणि हा वेल्डर म्हणून बुनाच्या साइटवर, म्हणजे बिलात बहुधा ४ मार्कवाला. १९५१ मध्ये त्याने एकट्याने फ्रँकफर्टच्या कोर्टात कंपनीवर दावा लावला, १९५३ मध्ये १० हजार मार्कांची भरपाई मंजूर झाली, कंपनी अपिलात गेली आणि शेवटी १९५७ मध्ये बाकीच्या वाचलेल्यांसकट ३ कोटी मार्कांवर तडजोड झाली. या केसला अख्खा चॅप्टर दे, खटल्याला चार पानं पुरेत.

आणि हो, ४ मार्कांचे आजचे रुपये किती ते काढत बसू नकोस, गाइडने सांगितलं तरी. पुढचा चॅप्टर वर्डमध्येच पाठव, पीडीएफवर मला खुणा करता येत नाहीत.

तुझा,
काका